पन्नास सायकलचं भांडण

मामा,

आज सोमवार. आपल्या भागात सोमवारी दिवसभर लाईट नसते हे तुम्हाला सांगायला नको. आणि आज मी जनरेटर चालू असताना तेल तपासलं. झालं, सांगून टाकलं एकदाचं. आता तुम्ही जिथं असाल तिथं खुर्चीतून ताडकन उठला असाल आणि "कुणी? कुणी तपासलं?" असं चार शेड पलीकडं ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारत असाल. मी तपासलं. तुमच्या सुनेनं. बसा खाली आणि नीट ऐका. जिवंत होता तेव्हा तुम्ही माझं एक वाक्य कधी पुरतं ऐकून घेतलं नाही, आणि आता तुम्हाला मध्येच बोलता येत नाही, ही माझी फार मोठी सोय झाली आहे.

मघाशी आत्तींना म्हटलं, मामांना पत्र लिहायला बसते. त्या लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काय लिवणार हाईस?" म्हटलं, आमचं भांडण अर्धवट राहिलंय. तर म्हणाल्या, "अगं, गेलेल्या माणसाला तरी जरा इसावा दे की." आणखी दोन पाकळ्या सोलल्या आणि मग म्हणाल्या, "लिवतीयासच तर माझं बी लिव. म्हणावं, कपाटाची किल्ली कुठं ठिवलीया ती अजून गावली न्हाय." इतकी वर्षं झाली तुम्हाला जाऊन, कपाट कधीच फोडून घेतलंय, दोनदा रंगवलंय, तरी तुमच्या बायकोचा राग काही गेलेला नाही. तर हा त्यांचा निरोप. आता माझं.

मी या घरात आले तेव्हा संध्याकाळी जेवताना तुम्ही शेडवरच्या, ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या गोष्टी सांगायचा आणि कुणीही ऐकत नसायचं. तुमच्या मुलाला बँकेतून आल्यावर पेपर लागायचा. आत्ती तुमचा आवाज चढला की रेडिओचा आवाज चढवायच्या. मी नवी सून, मान खाली घालून वाढत राहायचे. मग एका सणाला मी पुऱ्या तळत होते, हात ओला होता, पाण्याचा एक थेंब कढईत पडला आणि तेल जे तडतडलं म्हणता! मी मागं सरकले. तुम्ही दारातच उभे होता, वाटीभर श्रीखंड आधीच चाखायला मिळतंय का बघायला. "बघितलंस?" तुम्ही म्हणालात. "एक थेंब. एका थेंबानं सगळी कढई बोंबलाय लागली. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं बी असंच असतंय." मी विचारलं, पण तिथं थेंब पडलाय हे तुम्हाला कळतं कसं? बस्स. तुम्ही स्वयंपाकघरात पाट ओढून जे बसलात ते पुऱ्या संपेपर्यंत उठला नाहीत.

मला तो पाट आणि तुमचे ते हातवारे आजही दिसतात. तुम्ही सांगताय: ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल असतं ते दोन कामांसाठी, आतली तार गार ठेवायला आणि वीज नको तिथं उडी मारू नये म्हणून. ते तेल चांगलं आहे का बघायचं तर एका कपात ते ओतायचं. कपात पितळेचे दोन गोळे समोरासमोर, मध्ये जेमतेम नखाएवढी फट. मग गोळ्यांवर व्होल्टेज चढवत न्यायचं, चढवत न्यायचं, आणि एका क्षणी तेलातून ठिणगी उडते. जितक्या उशिरा उडेल तितकं तेल चांगलं. पाणी असेल, कचरा असेल तर लवकर उडते. एकदा बघून भागत नाही, सहा वेळा बघायचं आणि सरासरी काढायची. "सहा वेळा का?" मी विचारलं. "माणूस बी एकदा बोलल्यावर खरं बोलतोय का?" तुम्ही म्हणालात. आत्ती ओरडल्या, "त्या पोरीला पुऱ्या करू द्या, करपाय लागल्यात!" आणि मी एक पुरी खरंच करपवली, कारण माझ्या डोक्यात भलताच प्रश्न आला होता. म्हटलं, मामा, व्होल्टेज भराभर चढवलं तर आणि सावकाश चढवलं तर आकडा तोच येतो का? तुम्ही पाट आणखी पुढं ओढलात. साताऱ्यात फिजिक्समध्ये बी.एस्सी. करून आले होते, पण त्या घरात तोवर कुणी मला भाजीत मीठ किती याशिवाय काही विचारलं नव्हतं. "उद्या शेडवर ये," तुम्ही म्हणालात. मला रात्री झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता.

पण तुम्ही काही साधेसुधे नव्हता. कागलच्या रस्त्याला लागेपर्यंत स्कूटरवर मागं वळून वळून तुम्ही अट सांगितलीत, आणि मी जीव मुठीत धरून "मामा, पुढं बघा" म्हणत होते. अट अशी: दिवाळीपर्यंत. तोवर शिकायचं, बघायचं, विचारायचं. पण गिऱ्हाइकासमोर एक जरी घोळ झाला तर दुसऱ्या दिवसापासून घरी. "माझ्या शेडचं नाव हाय. सून म्हणून सूट मिळायची न्हाय." मी मान हलवली. आणि मग शेडमध्ये पाऊल टाकलं, वार्निशचा तो उग्र वास नाकात गेला, कागद गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेची भेंडोळी दिसली, गरम तेलाची ऊब अंगावर आली, आणि मी मनातल्या मनात ठरवूनच टाकलं की इथून मला कुणी हलवायचं नाही. तेव्हा बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही दिवाळीची होळी केली असती.

आणि पहिल्याच आठवड्यात शिव्या खाल्ल्या. तुम्ही तो कप कुणाला हात लावू देत नव्हता. तारा गुंडाळणारे आपले वायंडरकाका, तुमच्याबरोबर पहिल्या दिवसापासून होते, तेसुद्धा कपापासून हात दोन हात लांब उभे राहायचे. मला वाटलं, आपण चांगलं काम करून दाखवावं. तुम्ही चहाला गेलात तेवढ्यात मी तो कप मऊ धुतल्या मलमलीनं पुसून देवाच्या भांड्यासारखा लख्ख केला. तुम्ही आलात, तेल ओतलंत, आणि ठिणगी अशी लवकर उडाली की तुम्ही दचकलात. कप उजेडात धरलात. दोन गोळ्यांच्या मध्ये एक बारीक धागा निवांत पोहत होता. "वात सोडलीस व्हय तेलात?" तुम्ही गरजलात. "निरांजन हाय का हे? आरती म्हणू काय आता?" सगळी शेड हसली. शेजारच्या शेडचे लोकही बघायला आले. माझं रडू फुटायच्या बेतात होतं. मग तुम्ही दाखवलंत: कप पुसायचा नसतो, ज्या तेलाची तपासणी करायची त्याच तेलानं विसळायचा असतो, आणि ओतल्यावर बुडबुडे बसेपर्यंत गप्प थांबायचं. दुपारी तुम्ही स्वतः जाऊन मिसळ घेऊन आलात, माझ्यासमोर ठेवलीत आणि म्हणालात, "खा. राग तिखटानं उतरतोय." मिसळ इतकी तिखट होती की रडू आलंच. गिऱ्हाईक समोर नव्हतं म्हणून तो घोळ तुम्ही मोजला नाहीत, हे मला नंतर वायंडरकाकांनी सांगितलं.

आता तो सोमवार. दिवाळी तोंडावर आली होती. मलकापूरच्या बाजूच्या दूध शीतकरण केंद्राचा ट्रान्सफॉर्मर आपल्याकडं दुरुस्तीला होता. काम झालं होतं, फक्त तेल पास व्हायचं होतं. संस्थेचे चेअरमन टेम्पो घेऊन सकाळीच येऊन बसले होते, तारेच्या रिकाम्या ड्रमवर, धोतराचा सोगा मांडीवर टाकून. संध्याकाळचं दूध यायच्या आत तो ट्रान्सफॉर्मर तिथं बसायला हवा होता. लाईट नव्हती, म्हणून आपला जुना जनरेटर धडधडत होता. तेल चाळिसाच्या, म्हणजे चाळीस हजार व्होल्टच्या वर जायला हवं, आणि पहिली तपासणी आली छत्तीस. "तेल ओलं हाय," तुम्ही म्हणालात, आणि फिल्टर मशीन चालू केलंत. ते मशीन तेल तापवतं, त्यातलं पाणी ओढून घेतं आणि कचरा गाळतं. अर्ध्या तासानं परत नमुना घेतला, मशीन चालूच ठेवून. पस्तीस. तुम्ही हीटर वाढवलात. परत नमुना. चौतीस.

चेअरमनांचा धीर सुटत चालला. "मामा, दूध थांबतंय व्हय? म्हशीला जाऊन सांगू काय, आज देऊ नगं म्हणून?" तुम्ही तेलवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केलात. मग पावसाला नावं ठेवलीत. मग हीटर आणखी वाढवलात. आणि मी जनरेटरच्या पॅनलसमोर उभी. तिथं ते जुनं मीटर होतं ना, पांढऱ्या बारीक पट्ट्यांची रांग असलेलं, ज्या आकड्यावर वीज चालते ती पट्टी थरथरते. वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट होते ते त्यावर कळतं. आपल्याकडं त्याला सगळे सायकल म्हणायचे, पन्नास सायकल. पन्नासची पट्टी थरथरायला हवी होती. थरथरत होती शेहेचाळीसची.

मी गप्प राहिले, मामा. का सांगू? कारण मी पुस्तक वाचलं होतं. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की पंचेचाळीसपासून बासष्ट सायकलपर्यंत तेल तपासायला काही हरकत नाही. शेहेचाळीस म्हणजे पुस्तकाप्रमाणे पास. मग तुम्ही परत चाचणी लावलीत आणि मला तेल तपासायच्या किटची मोटर ऐकू आली. आपल्या त्या किटमध्ये व्होल्टेज चढवायला एक लहानशी मोटर होती, आणि ती विजेच्या सायकलच्या तालावर फिरायची. रोज ती कशी गुणगुणायची ते माझ्या कानात बसलं होतं. आज ती कण्हत होती. मी मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं. व्होल्टेज नेहमीपेक्षा सावकाश चढत होतं. आणि सावकाश चढलं की तेलातल्या ओलीला, कचऱ्याला गोळ्यांच्या मध्ये गोळा व्हायला जास्त वेळ मिळतो, ठिणगी लवकर उडते. पुऱ्या तळताना तुम्हाला विचारलेला प्रश्न! वर जनरेटर धापा टाकत होता, त्याची वीज वेडीवाकडी, मध्येच टोक काढणारी. ठिणगी त्या टोकाला उडते आणि काटा मात्र सरासरी दाखवतो. पहिल्या वेळी असेल ओलं, पण फिल्टरनं तेल बिचारं कधीच चांगलं झालं होतं. आणि जनरेटर धापा कशानं टाकत होता? फिल्टर मशीननं. त्याच्या हीटरनं. जो तुम्ही तेल बरं व्हावं म्हणून दर अर्ध्या तासानं वाढवत होता.

मला दिवाळी आठवली. गिऱ्हाईक समोर बसलेलं. चुकले तर उद्यापासून घरी, भाजीत मीठ किती. तरी मी फिल्टरच्या स्विचकडं गेले. "ए, हात लावू नगंस!" तुम्ही ओरडलात. मी लावला. फिल्टर बंद झाला, जनरेटरचा आवाज एकदम हलका झाला, आणि पट्ट्यांची ती थरथर सरकत सरकत पन्नासवर गेली. मी म्हटलं, "मामा, आता घ्या." तुमचा चेहरा लालबुंद झाला होता. पण घेतलीत. मोटर गुणगुणायला लागली. काटा चाळीस ओलांडून गेला, आणखी वर गेला, शेहेचाळीसला ठिणगी उडाली. परत घेतलीत. परत वर. सहाही वेळा पास.

चेअरमन म्हणाले, "मग सकाळपास्नं आपण काय करत हुतो?" मला वाटलं, आता संपलं. आणि तुम्ही असे हसलात मामा, असे हसलात की कपाळावरचा घाम डोळ्यात गेला. "चेअरमन," तुम्ही म्हणालात, "औषध पाजून पाजून आम्ही पेशंट आजारी पाडत हुतो!" ट्रान्सफॉर्मरला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, टेम्पो गेला. मी हळूच विचारलं, "मामा, दिवाळीचं काय?" तुम्ही कपातलं तेल ओतून देत म्हणालात, "कुठली दिवाळी?" दुसऱ्या दिवशी महाद्वार रोडवरून माझ्यासाठी स्टॉपवॉच घेऊन आलात, शाळेतले पीटीचे सर गळ्यात घालतात तसलं. ते मी गळ्यात घालून शेडमध्ये मिरवले. आत्ती म्हणाल्या, मंगळसूत्र दिसंना झालंय त्याच्यापायी.

इथपर्यंत आपलं एकमत. भांडण सुरू झालं ते त्या सोमवारीच घरी जाताना स्कूटरवर. तुमचं म्हणणं, सायकल कमी झाल्या की तेल कच्चं पडतंय. माझं म्हणणं, तेलाला सायकल कळत नाहीत मामा, आपल्या मशीनला कळतात. पन्नासच्या जागी शेहेचाळीस झाल्या म्हणून तेलाचं काही बिघडत नाही. तुम्ही म्हणायचा, "आकडा खाली आला का न्हाय?" मी म्हणायचे, आला, पण तेलामुळं नाही. "आला का न्हाय तेवढं सांग!" आणि तुम्ही नियमच करून टाकलात. तांबड्या रंगानं, स्वतःच्या हातानं, भिंतीवर: जनरेटर चालू असताना तेल तपासू नये. मी म्हटलं, नुसता फिल्टर बंद ठेवला तरी पुरे की. तर म्हणालात, "आज फिल्टर, उद्या लेथ, परवा कोणतरी वेल्डिंग करत बसंल. जनरेटरचा भरवसा न्हाय. माझ्या साडूगत हाय त्ये. तोंडावर एक बोलतंय, मागं एक." ते साडू म्हणजे आत्तींच्या बहिणीचे मालक, त्यामुळं आत्ती त्या दिवशी तुमच्याशी बोलल्या नाहीत.

मग किती वर्षं आपण भांडलो! जेवताना, लग्नाच्या पंगतीत, जोतिबाच्या पायऱ्या चढताना. पाहुणे आले की तुम्ही मुद्दाम विषय काढायचा, "ही आमची सून, हिला इचारा, तेलाला सायकल कळत्यात का," आणि पावणं बिचारं बावचळून चहाच्या कपात बघत बसायचं. दवाखान्यात शेवटच्या दिवसांतही सोडलं नाहीत. लाईट गेली, खाली जनरेटर सुरू झाल्याचा आवाज आला, आणि तुम्ही नळ्या लावलेल्या तोंडानं मला खूण करून जवळ बोलावलंत. "हितलं किती सायकलवर असंल गं?" म्हटलं, पन्नासवर, गप्प पडा. "बघून आलीस?" नव्हते आले. मग तीन मजले उतरून खरंच बघून आले. बरोब्बर पन्नास. वर येऊन सांगितलं तर तोंड पाडून कुशीवर वळलात. मला तेव्हा हसू आलं होतं. अजूनही ते आठवलं की मी हसायला लागते आणि मग पदर डोळ्याला लावते.

तुम्ही गेलात आणि मला वाटलं, आता तो नियम मी पुसणार. नाही पुसला. एकटीच्या नावावर शेड झाली, वर्षामागून वर्षं गेली, तरी सोमवारी आपल्याकडं तेल तपासलं गेलं नाही. लोक विचारायचे, मी म्हणायचे, आमच्याकडं पद्धत नाही. लोक मग कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत जायला लागले, तिथं कधीही तपासून मिळतं. मग मी नवं किट घेतलं. मामा, तुम्हाला बघायला हवं होतं! बाहेरून कसलीही वीज येऊ दे, धापा टाकणारी, लंगडणारी, ते आपली स्वतःची पन्नास सायकलची सरळ वीज आत तयार करतं. व्होल्टेज ठरलेल्या वेगानं चढवतं, तेल स्वतःच ढवळतं, सहा वेळा तपासून सरासरी छापून देतं. जनरेटरवर चालवलं तरी त्याला फरक पडत नाही. म्हणजे तुमच्या नियमाला अर्थच उरला नाही. तरी सोमवारी मी ते नवं किटसुद्धा झाकून ठेवायचे. यंदाच्या उन्हाळ्यात निम्मं काम कागलला गेलं. असंच चाललं असतं तर दिवाळीआधी मला वायंडरकाकांना आणि दुसऱ्या दोघांना सांगावं लागलं असतं की आता घरी बसा. माझं मन रोज दोन्हीकडून ओढलं जात होतं. नियम ठेवला तर शेड जाते, आणि मोडला तर तुम्ही जाता, असं काहीतरी मनात बसलं होतं. खुळेपणा आहे, पण होतं खरं.

आज सकाळी कोडोलीच्या बाजूच्या पाणीपुरवठा संस्थेचे सेक्रेटरी आले. त्यांच्या नदीवरच्या पंपाचा ट्रान्सफॉर्मर आपल्याकडं आहे. ऊस वाळायला लागलाय. म्हणाले, "ताई, आज देताय काय? न्हायतर ट्रान्सफॉर्मर उचलतो आणि कागलला घालतो. आणि खरं सांगू, मग परत इकडं कशाला यीन?" स्पष्ट बोलले, राग नाही आला मला. मी काकांना म्हटलं, जनरेटर लावा, फिल्टरही लावा, आज तपासू. काका जागचे हलेनात. "ताई, मालकांनी भिंतीवर लिवलंय." मी म्हटलं, "काका, मालक आता मी आहे." पहिल्यांदाच म्हटलं ते, आणि माझं मलाच कसंतरी झालं. काकांनी भिंतीकडं एकदा बघितलं, माझ्याकडं एकदा, आणि गेले जनरेटरकडं.

फिल्टर मी मुद्दाम बंद केला नाही. हीटर पूर्ण. जनरेटर तोच तुमचा, दोनदा इंजिन उघडलेला, धापा टाकत होता. पट्टी थरथरत होती शेहेचाळीसवर, जशी त्या दिवशी. नवं किट लावलं. ठिणगी पन्नास हजार व्होल्टच्या वर, सहाही वेळा. मोडला नियम. आभाळ कोसळलं नाही, जनरेटरही बंद पडला नाही. सेक्रेटरी खूश. हळदकुंकू, नारळ, आणि टेम्पो फाटकातून बाहेर. जाता जाता ओरडून गेले, "ताई, फुडच्या येळंला बी हिकडंच!" वायंडरकाका हसले, दोघं पोरं हसली, मीही हसले. शेड वाचली म्हणायला हरकत नाही. आणि भांडणही मी जिंकलं होतं. तेलाला सायकल कळत नाहीत, हे सगळ्यांसमोर दिसलं होतं. इतक्या वर्षांचं भांडण जिंकल्यावर माणसाला कसं वाटायला हवं? मला चहा घ्यावासा वाटेना.

हे पत्र मी कुठं पाठवणार नाही आणि कुणाला वाचूनही दाखवणार नाही, आत्तींना तर नाहीच, कारण पुढं मी काय केलं ते कळलं तर त्या मला वेड्यात काढतील. टेम्पो गेल्यावर मी कोपऱ्यातल्या तुमच्या जुन्या किटवरचं पोतं काढलं. बाटलीत त्याच ट्रान्सफॉर्मरचं तेल थोडं उरलं होतं. कप त्याच तेलानं विसळला, भरला, बुडबुडे बसेपर्यंत गप्प थांबले. फिल्टर पिंपातल्या उरलेल्या तेलावर चालूच होता, जनरेटर धापा टाकत होता. किट लावलं. मोटर कण्हत फिरायला लागली, काटा सावकाश सावकाश चढला आणि अडतीसला ठिणगी उडाली. मी टाळी वाजवली, मामा. जोरात. काका धावत आले, काट्याकडं बघून म्हणाले, "ताई, फेल झालं की हो!" म्हटलं, "व्हय, झालंय की!" काकांनी काटा परत एकदा बघितला. मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाले, "फिल्टर बंद करून एकडाव घिऊया का? पास हुईल." होईल, मला माहीत होतं. तेच तेल, तेच तुमचं किट, नुसता फिल्टर बंद केला की पास, आणि मग तुमच्या बाजूनं बोलायला काहीच उरलं नसतं. मी म्हटलं, "नको काका. राहू दे." आणि ती दुसरी टेस्ट मी घेतली नाही.